मळेवाल्या इंग्रजांची निघते तशी आपली वंशावळ मृत्युपत्रं आणि जमिनीच्या कागदांवरून निघंल का? (निलंगा, निजामकाळ)

तेरणाकाठचा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, दमानं वाचा.

मी मूळचा निलंगा तालुक्यातला, पोटापाण्यासाठी पुण्यात. आमच्या कंपनीच्या ब्रिस्टलच्या ऑफिसात एक बाई आहेत, रिटायरमेंटला आलेल्या, त्यांना आपल्या खानदानाचं मूळ शोधायचा नाद लागलाय. त्यांचे पूर्वज जमैकात उसाच्या मळ्याचे मालक. मळा म्हंजे आपलं विहिरीवरचं दोन एकर बागायत नव्हं, ऊस लावण्यापासून साखर काढण्यापर्यंत सगळं तिथंच आणि राबायला आफ्रिकेतून आणलेले गुलाम. तर ह्या बाईंनी घरबसल्या कॉम्प्युटरवर पार सतराव्या शतकापर्यंत नावं काढली, कशावरून तर मृत्युपत्रांवरून. इंग्लंडात १८५८ च्या आधी मृत्युपत्र चर्चच्या कोर्टात सिद्ध करायला लागायचं, त्यातलं सगळ्यात मोठं कोर्ट कॅंटरबरीचं, आणि त्याच्या १३८४ ते १८५८ च्या नोंदी लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जनं स्कॅन करून ठेवल्यात, नाव टाकलं की कागद समोर. मळा जमैकात असला तरी पैसाअडका इंग्लंडात असायचा म्हणून मृत्युपत्र तिथं.

मला त्यांनी एक वाचून दाखवलं. थोरल्याला मळा, धाकट्यांना रोख, बायकोला राहतं घर आणि सालाचा खर्च, पोरींना लग्नापर्यंत अमुक, बहिणीच्या पोराला घड्याळ, आणि मधीच मळ्यावरच्या एका बाईपासून झालेल्या पोराला इंग्लंडात शिकायला पाठवायची सोय. एका कागदात अख्खं घर, लग्नाचं आणि बिनलग्नाचं पण. मेल्यावर मालमत्तेची यादी केली तर त्यात बैल, खेचरं आणि माणसं एकाखाली एक, प्रत्येकाचं नाव आणि समोर किंमत. पुढं १८३३ ला गुलामी बंद करायचा कायदा झाला तवा दोन कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना, राबणाऱ्यांना छदाम नाही. कुणाला किती मिळाली ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं ऑनलाइन फुकट टाकलंय, त्यात बाईंच्या घराचं नाव निघालं. बाई म्हणल्या, मला आता हे माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही.

आता माझं. मला पणजोबापर्यंत नावं माहिती, त्याच्यावर सगळा अंधार. घरी ट्रंकेत खासऱ्याची, म्हंजे जुन्या जमीन पाहणीची, एक नक्कल आहे, आणि एक उर्दू कागद आहे, वर गोल शिक्का आणि खाली रेघा ओढून नावं लिहिल्यासारखं काहीतरी, घरात कुणालाच वाचता येत नाही. आमच्याकडं मारुतीच्या दिवाबत्तीची जमीन होती म्हणतात. आणि भावकीतलं दुसरं घर लई वर्षांपासून म्हणायलंय की तुमचा खापरपणजा दत्तक आलेला, तुम्ही मूळचे आमच्यातले न्हाईतच. लग्नात मान कुणाचा हितपर्यंत ते जातंय.

तर विचारायचं हे की बाईंनी काढलं तसं मला काढता येईल का? सुरुवात कुठून करू? आधीच सांगतो, जातीच्या दाखल्यासाठी न्हाई, नुसती हौस.

निवृत्त_मंडळ_अधिकारी

हौस असली की बरं असतं, घाई नसते. मी महसुलात नोकरी काढली, त्यातली बरीच वर्षं लातूर-धाराशिवकडं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुमच्या बाईंना जे मृत्युपत्रात मिळालं ते तुम्हाला मृत्युपत्रात मिळणार नाही. आपल्याकडं वडिलोपार्जित जमिनीचं मृत्युपत्र करायची रीतच नव्हती, पोरगं जन्माला आलं की हिस्सेदार झालं, मग म्हातारा लिहून काय ठेवणार? मृत्युपत्र केलं कुणी तर ज्याला मूलबाळ नाही त्यानं, विधवेनं, नाहीतर ज्याचं पोराशी पटत नव्हतं त्यानं. त्यामुळं तुमच्या घरात असं कुणी असेल तरच त्या वाटेला जा. तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडं मृत्युपत्रांचं वेगळं पुस्तक असतं, तीन नंबरचं, आणि करणारा मयत झाला असेल तर कुणीही अर्ज करून नक्कल मागू शकतो, हे लोकांना माहीत नसतं. तिथले लोक पण कधीकधी नाही म्हणतात, नोंदणी कायद्याचं कलम ५७ दाखवायचं.

दुसरी गोष्ट, तुमचा तालुका. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तीन तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला ते मुंबई राज्यात, उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात आले आणि १९८२ ला लातूर जिल्हा झाला तवा लातुरात. म्हणजे गाव जागचं हललं नाही पण कागदावरचं जिल्ह्याचं नाव दोनदा बदललं. लातूरला नाही सापडलं म्हणून हाय खाऊ नका, धाराशिवच्या रेकॉर्ड रूमला बघा, आणि त्याच्याही आधीचं लागलं तर बिदर नाहीतर हैदराबाद. किनवटवाल्यांचं असंच आदिलाबादशी आहे.

आता सुरुवात. सगळे लोक वरून खाली येतात, म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळापासून. तसं करू नका. आजच्या सातबाऱ्यावरून मागं जा. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ फेरफाराचे नंबर असतात, तो एकेक फेरफार उघडा. वारसाचा फेरफार म्हणजे कोण मेला, कधी मेला, मागं कोण कोण राहिलं. त्याच्यामागं वारस रजिस्टर, सहा-क. असं करत करत १९५४-५५ च्या खासरा पाहणीपर्यंत या. ती आपल्या मराठवाड्यातली पायरी आहे, बहुतेक वाद तिथंच येऊन थांबतात. त्यात पट्टेदार कोण आणि प्रत्यक्ष कब्जात कोण हे वेगवेगळं लिहिलेलं असतं, आणि ही दोन नावं वेगळी असली की समजायचं इथं काहीतरी गोष्ट आहे. कूळ असेल, गहाण असेल, नाहीतर भाऊ लहान म्हणून मोठ्याच्या नावावर असेल.

नावापुढच्या बारीक अक्षरांकडं दुर्लक्ष करू नका. अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) दिसलं म्हणजे पोरगं अल्पवयीन होतं आणि पालन करणारी बहुतेक आई, तिचं नाव फक्त तिथंच मिळतं. ए.कु.मॅ. (एकत्र कुटुंब मॅनेजर) दिसलं म्हणजे एकट्याचं नाव दिसलं तरी मागं भाऊ आहेत. मी कितीतरी लोकांना बघितलं की ए.कु.मॅ. न बघता एकच वारस धरून वंशावळ काढतात आणि दोन चुलत घराणी गायब करतात.

खासऱ्याच्या मागं जायचं तर मोजणी ऑफिस. सेतवार, वसूल बाकी, प्रती बुक, टिपण, ही मोजणी-वसुलाची जुनी दप्तरं तिथं. निजामानं जमाबंदीची मोजणी मराठवाड्यात मुंबई इलाख्यासारखी सर्व्हे नंबर पाडून केली होती, त्यामुळं नंबर धरून मागं जाता येतं. फक्त नंबर बदललेत का, त्याचे हिस्से पडलेत का, आणि जुना-नवा नंबर कुठला ते आधी बघा, नाहीतर दुसऱ्याच्याच आज्याला आपला म्हणाल.

गाव कुणाचं होतं तेही विचारा. दिवाणी म्हणजे सरकारी गाव, का सर्फ-ए-खास म्हणजे निजामाचं खाजगी, का पायगा म्हणजे निजामाच्या बड्या फौजी सरदारांचं, का एखाद्या जहागीरदाराचं. जहागिरी १९४९ ला खालसा झाल्या, तोवरचा वसूल जहागीरदार आपल्या माणसांकडून लिहून घ्यायचा, ते दप्तर सरकारात आलंच असं नाही.

आणि शेवटचं, ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. भांडण शोधा. गोडीगुलाबीनं राहिलेल्या घराचा कागदच नसतो, बाप मेला, पोरं कसत राहिली, नाव लावायला कुणी गेलंच नाही. पण वाटणीचा दावा लागला की वकील दाव्यात पहिल्याच पानावर वंशावळ काढतो आणि समोरचा वकील त्यातली एकेक फांदी खोडतो, त्यामुळं दोन्ही बाजूनं तपासलेली वंशावळ मिळते. तुमच्या भावकीत मानावरून इतकं चाललंय तर जमिनीवरून झालं नसेल असं मला वाटत नाही.

बाळू_उदगीरकर

आमच्या तालुक्याचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं 😀

मोठ्या साहेबांनी सगळं सांगितलं, मी फक्त शॉर्टकट सांगतो. २०२३ ला मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली तवापासून मराठवाड्यातल्या कलेक्टर ऑफिसांनी जुनी दप्तरं उपसून स्कॅन केल्यात, कुणबी नोंदी सापडल्या त्या जिल्ह्याच्या वेबसाईटवर पीडीएफ करून टाकल्या. तुम्हाला दाखला नको असला तरी गावानुसार बघून घ्या, फुकटची पणजोबाची सही सापडायची. आमच्या गावची १९५१ ची राष्ट्रीय नागरिक नोंदवही त्याच गडबडीत बाहेर आली, घरनिहाय नावं आणि वयं, आमच्या आजीचं वय त्यात बघितलं तर आजी आम्हाला सांगत होती त्याच्यापेक्षा बरीच मोठी निघाली.

शाळेचा प्रवेश निर्गम पण काढा, फक्त त्यातल्या जन्मतारखेवर इस्वास ठेवू नका, निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा आहे.

शाहगंजवाली

तेरणाकाठचा भाई, तुमच्या त्या उर्दू कागदाबद्दल लिहिते. वर गोल शिक्का आणि खाली रेघा ओढून नावं म्हणताय, तर तो शिजरा म्हणजे वंशावळीचा कागद असायची शक्यता आहे. तुम्ही मारुतीच्या दिवाबत्तीची जमीन म्हणालात ना, ती खिदमतमाश. देवळाची, दर्ग्याची, मशिदीची सेवा करायची आणि त्याच्या बदल्यात जमीन खायची. अशा इनाम जमिनीचा कसणारा मेला की वारसाच्या नावानं आपोआप होत नव्हती, अतियात म्हणजे इनामांच्या खात्यात विरासतीची, म्हणजे वारसाची, चौकशी व्हायची, साक्षी व्हायच्या, आणि चौकशीत वारसांचा शिजरा जोडायला लागायचा. निकाल झाला की मुंतखब म्हणजे निकालाचा दाखला मिळायचा. मुंतखबात कुणाला, कुठल्या गावात, किती जमीन, कुठल्या सेवेसाठी आणि वाटेकरी कोण हे सगळं असतं. तुमच्या इंग्रज बाईंच्या मृत्युपत्राच्या जवळ जाणारी चीज आपल्याकडं कुठली असेल तर ही. फरक एवढाच की तिथं मरणारा स्वतः सांगतो आणि इथं तो मेल्यावर दफ्तर विचारतं.

माझे नाना अर्जनवीस होते, त्यांच्याकडून मी शिकस्ता, म्हंजे उर्दूचं घाईचं मोडकं वळण, वाचायला शिकले. आज उर्दू येणारे खूप आहेत पण जुनं दफ्तरी शिकस्ता म्हंजे नुकते गायब, अक्षरं एकात एक, शाळेतल्या उर्दूवर ते वाचता येत नाही. तेव्हा कुणी पहिल्या नजरेत वाचून दाखवलं तर दोघांकडून वाचून घ्या, खास करून नावं. मराठी नावं उर्दूत लिहिली की राणोजी आणि रामजी सारखेच दिसतात.

तारखांचं बघा. कागदावर १३४० असं दिसलं तर घाबरू नका, ते फसली साल. त्यात ५९० मिळवा, १९३०-३१ येतं. साल ऑक्टोबरात बदलतं म्हणून एक वर्ष पुढंमागं धरायचं. महिने आजूर, दै, बहमन असे फारसी असतात. आणि एखाद्या कागदावर शिक्क्यातलं साल वेगळंच दिसेल, ते हिजरी असू शकतं, दोन्ही मिसळू नका.

नावापुढं वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा हे तुम्हाला माहीत असेल. दत्तक असेल तर वल्दच्या जागी किंवा त्याच्या शेजारी मुतबन्ना लिहिलेलं सापडेल. तुमच्या भावकीच्या भांडणाचा फैसला त्या एका शब्दावर आहे, म्हणून फोटो टाका, पण उजेडात काढा आणि घडी सरळ करून, इस्त्री मात्र फिरवू नका, एकानं फिरवली होती आणि शाई गेली.

माजलगावची_लेक

सगळे आजोबा पणजोबा चाललेत, आज्या कुठंत?

हे मी उगं टोमणा म्हणून नाही म्हणत. मी माझ्या माहेरची वंशावळ काढली तेव्हा बघितलं की पुरुषांची साखळी जुळते पण बायका एक तर अ.पा.क. म्हणून येतात नाहीतर विधवा म्हणून, आणि लेकी तर नाहीतच, जशा काय जन्मल्याच नाहीत. १९५६ चा वारसा कायदा आला तरी वारस नोंदीत लेकींची नावं लावायची टाळायचे, १९९४ ला महाराष्ट्रानं आणि २००५ ला केंद्रानं लेकीला वडिलोपार्जितात बरोबरीचा हिस्सा दिला तेव्हापासून टाळता येईना. मग काय सुरू झालं? हक्कसोडपत्र. राखी-भाऊबीज बघून बहिणींना तालुक्याला न्यायचं, अंगठे घ्यायचे, येताना साडी.

आता माझा मुद्दा. तो कागद बहिणीसाठी वाईट, पण वंशावळीसाठी त्याच्यासारखा कागद नाही. त्यात प्रत्येक बहिणीचं नाव असतं, सासरचं नाव, नवऱ्याचं नाव, वय, राहणार कुठली. मेलेल्या बहिणीचे वारस पण आले तर त्यांचीही नावं. आमच्या आत्याची एक बहीण होती हे मला एका हक्कसोडपत्रातून कळलं, ती परतूरकडं दिलेली, लवकर वारली, तिचे नातू सही करायला आलेले. घरात कुणी तिचं नाव घेत नव्हतं. तर दुय्यम निबंधकाकडं गेलात की इंडेक्स टू मध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सूचीत, नुसती खरेदीखतं बघू नका, हक्कसोड पण बघा. तुमच्या इंग्रज म्हाताऱ्यानं पोरींना लग्नापर्यंत सालाचं काहीतरी लिहिलं तरी, आपल्या लेकींचं नाव आलं ते पण द्यायच्या वेळी नाही, घ्यायच्या वेळी.

तेरणाकाठचा

ताई, बरोबर बोललात, मला आजीच्या माहेरचं आडनाव पण नक्की सांगता येईना, आईला विचारलं तवा कळलं.

शाहगंजवाली ताई, फोटो टाकलेत. शेवटच्या ओळीवर डाग आहे, तिथं जमंल तेवढं बघा.

साहेब, तुमचं भांडणाचं ऐकून चुलत्याला फोन लावला, ते म्हणले हाव, आपल्या आज्याच्या वक्ताला निलंग्याच्या कोर्टात दावा होता, कागद कुठंय माहीत नाही. म्हंजे तुमचा अंदाज बरोबर.

गायरान_७८

इथं सगळे जमीनवाले बोलायले म्हणून मी बोलतो. आमच्या बापजाद्याच्या नावावर एक गुंठा नव्हता. सेतवारात नाव नाही, खासऱ्यात पट्टेदार म्हणून नाही, हक्कसोड करायला हक्कच नाही. मग आमची वंशावळ कुठून काढायची?

तेरणाकाठच्या भावा, तुमच्या पोस्टमधली मला खटकलेली आणि आवडलेली गोष्ट एकच, ती मालमत्तेची यादी. बैलाखाली माणसाचं नाव. त्या माणसांची पतवंडं आज आपली वंशावळ काढत असतील तर कुठून काढत असतील? मालकाच्याच कागदातून. मी वाचलंय की जमैकात १८१७ पासून दर तीन वर्षाला गुलामांची नोंदवही सरकारात द्यायला लागायची, नाव, वय, आफ्रिकेत जन्म का तिथंच, आणि कितीतरी जणांच्या पुढं मायचं नाव. बापाचं नाही, मायचं. मालकानं हिशोब ठेवला स्वतःसाठी आणि तोच आज त्यांच्या लेकरांच्या कामाला आला.

आमचं तसंच झालं. आमच्या आज्यानं गावच्या गायरानावर जमीन वाहिती केली, दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाचा तो काळ. गावानं लई त्रास दिला ते लिहीत नाही. पण तलाठ्यानं दरसाल अतिक्रमणाची नोंद केली, गाव नमुना एक-ई, आणि दंडाची पावती फाडली. आज्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, किती एकर, काय पेरलं. सरकारनं आम्हाला चोर म्हणून लिहिलं, पण लिहिलं. पुढं २८ नोव्हेंबर १९९१ चा जीआर आला, १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० मधली अतिक्रमणं नियमित करायचा, तवा बापानं त्याच पावत्या पुढं केल्या. माझ्याकडं त्या पावत्या प्लास्टिकमधी घालून ठेवल्यात आणि आमच्या वंशावळीत त्यांचा नंबर पहिला.

त्याच्या मागं जायचं असेल तर ज्यांच्याकडं आमची माणसं सालगडी होती त्यांच्या घरातल्या हिशोबाच्या वह्या. अमक्याला सालाचे इतके, ज्वारी इतकी, लग्नाला उचल इतकी. त्या वह्या तुमच्यासारख्यांच्या ट्रंकेत आहेत. तुम्ही आपल्या खापरपणजाचं नाव शोधताना त्या दिसल्या तर रद्दीत घालू नका, एवढंच सांगायला लिहिलं.

तेरणाकाठचा

दादा, ट्रंक पुन्हा उघडून बघितली. हिशोबाची वही आहे, मोडीत, पुढची पानं वाळवीनं खाल्लेली. मला वाटलं होतं किराणा असेल. मोडी येणारं कुणी लातुरात असेल तर सांगा, मी नावं जशी निघतील तशी इथं नाही, गावातल्या त्या घरांना देईन.

तुमची पोस्ट ब्रिस्टलच्या बाईंना इंग्रजीत सांगितली. त्या म्हणल्या की त्यांनी त्यांच्या मळ्याच्या तीनसाली नोंदवह्यांतली सगळी नावं टाइप करून जमैकातल्या लोकांना बघता येतील अशी टाकायचं चालवलंय, आपल्या घराचं झाड आता बाजूला ठेवलंय.

जालना_छावणी

थोडं विषयाच्या काठाकाठानं. बाईंच्या घरातलं कुणी हिंदुस्थानात आलं होतं का ते विचारा. आपल्याकडं इंग्रजांचे मळे नव्हते, निजामाचं राज्य होतं, पण जालन्याला छावणी होती, तिथं मद्रासची फौज असायची आणि पुढं हैदराबाद कंटिन्जंट, म्हणजे निजामाच्या खर्चानं ठेवलेली इंग्रज अधिकाऱ्यांखालची फौज. मोमिनाबादला म्हणजे आपल्या अंबाजोगाईलाही छावणी होती. त्या साहेबांची बारशी, लग्नं, मयती मद्रासच्या चर्चच्या नोंदीत गेल्या आणि त्याच्या प्रती लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. म्हणून जालन्याचं थडगं मुंबईच्या नोंदीत शोधणारे फसतात. शोधताना स्पेलिंग जौलनाह धरून बघायचं, आजच्या स्पेलिंगनं निघत नाही.

असल्या फौजी घरातली धाकटी पोरं पुढं वायनाड, कुर्ग, निलगिरीकडं कॉफीच्या मळ्यावर गेलेली सापडतात, कुणी सिलोनला. सिलोनच्या कॉफीला १८६९ ला तांबेरा लागला आणि मळेच्या मळे बसले, मग चहा आला. मळा बुडाला की गहाणखतं आणि दिवाळखोरीचे कागद ढिगानं तयार होतात, त्यामुळं इंग्रजांच्या भांडणाचंही आपले मंडळ अधिकारी साहेब म्हणतात तसंच आहे.

आणि आपल्यासाठी, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी अजून कुणी लिहिल्या नाहीत इथं. तुमच्या घरातलं कुणी अस्थी घेऊन किंवा सिंहस्थाला गेलं असेल तर आपल्या उपाध्यायाच्या वहीत गावाच्या नावाखाली नोंद असणार, सोबत कोण कोण होतं, बापाचं आज्याचं नाव, भाऊ किती. आडनावापेक्षा गावाचं जुनं नाव आणि परगणा सांगायचा.

शाहगंजवाली

भाई, वाचला. माझ्या ओळखीच्या एका बुजुर्गांकडूनही वाचून घेतला, दोघांचं जुळलं म्हणून आता लिहिते.

शिजराच आहे, विरासतीच्या चौकशीतला, साल १३३८ फसली, म्हणजे १९२८-२९. जमीन देवस्थानची खिदमतमाश, तुमच्या घरात म्हणतात ते बरोबर. सगळ्यात वर एक नाव, त्याच्याखाली दोन मुलं. तुमच्या खापरपणजोबांपुढं साफ वल्द आहे. दुसऱ्या मुलाच्या खाली जो आहे त्याच्यापुढं मुतबन्ना लिहिलंय, आणि बाजूला त्याच्या दत्तक आईचं नाव, बेवा म्हणजे विधवा म्हणून. डागाखालची ओळ नाही लागली.

म्हणजे दत्तक तुमच्या घरात नाही, जे म्हणतात त्यांच्या घरात आहे.

बाळू_उदगीरकर

आता लग्नात मान कुणाचा 😂 फ्रेम करून ओट्यावर लावा.

निवृत्त_मंडळ_अधिकारी

बाळूचं ऐकू नका. आणि घाईनं गावात सांगायला पण जाऊ नका. विधवेनं दत्तक घेतला म्हणजे बहुतेक वेळा भावकीतलाच घेतला, जमीन बाहेर जाऊ नये म्हणून, धाकट्या दिराचा नाहीतर चुलत दिराचा. तो मुलगा तुमच्या खापरपणजोबांचाच धाकटा असू शकतो, तसं असलं तर दोन्ही घरं रक्ताची सख्खी निघतील आणि भांडायला काहीच उरायचं नाही. शिजऱ्यात दत्तक आलेल्याचा जन्मदाता लिहीत नाहीत, ते दत्तकपत्रात असतं किंवा चौकशीतल्या साक्षीत. साक्षीची मिसल म्हणजे फाइल निलंग्याला नसणार. हैदराबादला तारनाक्याला तेलंगणाचं स्टेट आर्काइव्ह्ज आहे, तिथं अर्ज करा, फसली साल, गाव, तालुका, त्या वेळचा जिल्हा बिदर, आणि देवस्थानाचं नाव लिहा. सोबत शिजऱ्याची झेरॉक्स जोडा. निलंग्याच्या कोर्टातल्या दाव्याचा नंबर मिळाला तर तोही, त्या दाव्यात हा शिजरा कुणीतरी हजर केला असणारच.

तेरणाकाठचा

साहेब, अर्ज लिहायला घेतो. दुसऱ्या घरच्या थोरल्या काकाला पण फोन केला, दत्तकाचं बोललो नाही, नुसतं म्हणलं हैदराबादला जुने कागद बघायला चाललोय, देवस्थानच्या जमिनीचे. ते म्हणले मी पण येतो, आमच्याकडं पण एक उर्दू कागद आहे.